काळी दोन

आमचा गिटारवाला मोबाईलवर गिटार लावत नसे. "कान हाय की," म्हणायचा आणि गिटार मांडीवर घेऊन माझ्याकडे न बघताच हात पुढे करायचा. "कॉन्व्हेंट, ई दे." मी कीबोर्डवर ई दाबून धरायचे, तो तार पिळत पिळत त्या सुरापाशी आणायचा. मग ए, मग डी. दर रविवारी सकाळी आमच्या बँडची सुरुवात अशी व्हायची. सगळ्यांचा सूर माझ्या कीबोर्डवरून निघायचा, आणि त्या खोलीत सगळ्यांत कमी मी बोलायचे.

खोली कोल्हापुरात मंगळवार पेठेत, गिटारवाल्याच्या काकांच्या गादी कारखान्याच्या वर होती. चारही भिंतींना गाद्या टेकवलेल्या असत, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. आम्ही चौघे होतो. गिटारवाला आणि मी साधारण एका वयाचे, पंचविशीतले. ऑक्टोपॅडवाल्याची स्वतःची व्हॅन होती, त्यामुळे वाद्यं न्यायची चिंता नसे. आणि गाणारे दादा. ते दूध डेअरीच्या लॅबमध्ये नोकरीला, चाळिशीच्या उंबरठ्यावर. शाळेत असल्यापासून गाणारे.

मला बँडमध्ये दादांनीच आणलं. वाद्यांच्या दुकानात मी एक कीबोर्ड वाजवून बघत होते. शाळेत पियानोच्या परीक्षा दिल्या होत्या, पण दुसऱ्या माणसाबरोबर कधी वाजवलं नव्हतं. हे गृहस्थ मागे उभे राहून ऐकत होते. "ताई, आमच्यात येता काय? मानधन न्हाय, चहा हाय." मी घरी जाऊन दोन दिवस विचार केला आणि गेले. पहिल्याच दिवशी गिटारवाल्याने माझ्या मराठीवरून मला 'कॉन्व्हेंट' केलं. दादा मात्र कधी हसले नाहीत. मी डी शार्प म्हणाले की ते म्हणायचे, "म्हंजे आमची काळी दोन."

पेटीवरच्या ज्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा, ती त्याची पट्टी. दादांची काळी दोन, म्हणजे सुरुवातीपासून मोजलं तर दुसरी काळी. गाणं सुरू करण्यापूर्वी ते वाकून माझ्या बोटांकडे बघायचे. "काळी दोन ना?" मी ती पट्टी दाबून दाखवायचे. मग ते डोळे मिटायचे.

मागच्या दिवाळीनंतर त्यांचा वरचा सूर लागेना झाला. आमच्या शेवटच्या गाण्याच्या अंतऱ्यात एक जागा होती, तिथे आवाज जायचा, काठावर अडकायचा आणि फाटायचा. पहिल्या रविवारी सगळ्यांनी सर्दी म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी गिटारवाल्याने मध्येच वाजवायचं थांबवलं.

"दादा, पट्टी उतरवूया. पांढरी दोन घेऊ."

पांढरी दोन म्हणजे फक्त अर्धा सूर खाली. दादांनी माईक स्टँडला लावला.

"काळी दोनवर गातोय मी. तू गिटार धरायच्या आधीपासनं."

"आधीचं कोण इचारतंय? आजचं बोलालोय."

"चहा सांगू काय?" ऑक्टोपॅडवाला म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"तुला नवा गायक आणायचा हाय, त्ये सांग की सरळ," दादा म्हणाले. "त्या तुझ्या मित्राला. जिमच्या."

"त्यो निदान सुरात तरी गातोय."

मी पट्ट्यांवर बोटं ठेवून खाली बघत होते. वाद झाला की मी हेच करते. वाजवायच्या तयारीत आहे असं दिसतं आणि कुणी काही विचारत नाही. पण त्या दिवशी गिटारवाल्याने विचारलं.

"कॉन्व्हेंट, तू सांग. तुझा कान तर परीक्षा दिलेला हाय. लागला का सूर?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. दादांनी सगळ्यांत शेवटी.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

गिटारवाला नाकातून हसला. दादांनी जाकीट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. "पुढच्या रविवारी न्हाय लागला, तर आणा तुम्ही दुसरा. मी न्हाय येत." आणि जिना उतरून गेले.

तो आठवडा मला नीट आठवतो. ऑफिसात कॉलवर असतानासुद्धा मी तो अंतरा मनात वाजवत होते. अर्धा सूर. एवढ्याचाच प्रश्न होता, आणि दोघांपैकी कुणीही तेवढं हलणार नव्हतं. दादा गेले असते तर मीही गेलेच असते. दुसऱ्या कुणाच्या मागे वाजवायची मला भीती वाटत होती.

माझ्या कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे. ते एकदा खाली दाबलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात उणे एक असा आकडा येतो, आणि आपण दाबतो त्यापेक्षा अर्धा सूर खालचा आवाज निघतो. बोटं काळी दोनवर, आवाज पांढरी दोनचा.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी गेले. बटण दाबलं. गाण्यांच्या यादीचा कागद स्क्रीनला टेकवून ठेवला.

"कॉन्व्हेंट, ई दे."

मी ई दिला. गिटारवाल्याने तार छेडली, भुवया वर केल्या. "आयला, सगळ्याच तारा चढल्यात आज." मी पट्टी दाबून तशीच बसले. तो एकेक तार सैल करत गेला. "थंडी पडल्या, तारा आखडल्या असतील," ऑक्टोपॅडवाला म्हणाला, आणि ते गिटारवाल्याला पटलं. गिटार तिथेच खोलीत राहायची, त्यामुळे पुढच्या रविवारी ती आधीच उतरलेली होती आणि पुन्हा तो प्रश्न आला नाही.

दादा आले, वाकले. "काळी दोन ना?"

मी पट्टी दाबून दाखवली.

अंतरा आला आणि सूर लागला. काठावर थोडा थरथरला, पण लागला. दादांनी डोळे उघडून गिटारवाल्याकडे बघितलं. तो मान खाली घालून वाजवत राहिला, आणि गाणं संपल्यावर म्हणाला, "लागला की. मग इतके दिवस काय झालतं?" एवढं म्हणून त्याने विषय सोडला. दादांनी त्या दिवशी सगळ्यांना वडापाव दिले.

त्यानंतर तीन महिने प्रत्येक रविवारी मी आधी जाऊन बटण दाबत राहिले. भांडणं थांबली. दादा गिटारवाल्याला अधूनमधून टोमणा मारायचे, "काय रे, पांढरी दोन घ्यायची काय आज?" आणि तो गप्प बसायचा. मला तो टोमणा प्रत्येक वेळी ऐकू यायचा.

फेब्रुवारीत दादांच्या गावच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. गाव शाहूवाडी तालुक्यात. आम्हाला दुपारी तासभर गायचं होतं. व्हॅनमध्ये दादा पुढे बसले होते, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता. पन्हाळ्याचा फाटा मागे पडल्यापासून ते प्रत्येक वळणावर कुणाचं शेत, कुणाचा गोठा ते सांगत होते. मैदानात मांडव होता. आम्ही वाद्यं मांडली, मी नेहमीसारखं बटण दाबून ई दिला, गिटार लागली, आवाज तपासून झाला. कार्यक्रमाला अर्धा तास होता.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ मांडवात आले. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी. दादा पाया पडले. ते त्यांचे गुरुजी. त्यांनी पिशवीतून पंच्यात गुंडाळलेली बासरी काढली.

"शेवटच्या गाण्याला मी हाय तुझ्यासंगं. काळी दोनचीच हाय ही. पोरगा असताना हिच्याबरोबरच गायचास. आठवतंय न्हवं?"

"ती कशी इसरीन गुरुजी," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना.

बासरीला बटण नसतं. ती ज्या पट्टीची कापली, त्याच पट्टीची. आम्ही होतो तसेच राहिलो असतो तर गुरुजी आणि आम्ही भर मांडवात अर्ध्या सुराने एकमेकांवर आदळलो असतो. आणि मी गुपचूप बटण वर करून गिटार पुन्हा लावून घेतली असती, तर अंतऱ्याला दादांचा आवाज फाटला असता, आणि का ते त्यांना कळलंही नसतं.

पाचवीच्या वर्गात आमच्या वाद्यांच्या रिकाम्या पेट्या, पिशव्या ठेवल्या होत्या. दादा पाणी प्यायला तिथे गेले, मी मागोमाग गेले. वाक्य डोक्यात इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत आणेपर्यंत त्यांनी बाटलीचं झाकण लावलं होतं.

"दादा, आपण काळी दोनवर वाजवत नाही."

"काय?"

"दिवाळीपासून. मी कीबोर्ड अर्धा सूर खाली करून ठेवते. गिटार माझ्यावरूनच लागते, म्हणून तीही खाली असते."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, जणू उत्तर तिथे असणार. "पण तू तर काळी दोनच दाबतीस. मी बघतोय की."

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात कुठला आकडा येतो ते सांगितलं. त्यावर कागद असतो, तेही सांगितलं.

भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"आणखी कुणाला ठावं हाय?"

"कुणालाच नाही."

"म्हंजे मला लागत न्हाय, हे तुला एकटीला ठावं होतं. आणि तू म्हणालतीस, लक्ष नव्हतं."

त्यांनी बाटली बाकावर ठेवली.

"त्यो तोंडावर बोलला," दादा म्हणाले. "त्याचा मला राग आला. पण त्यो तोंडावर बोलला."

गिटारवाला दारात उभा होता. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण सगळंच ऐकलं असावं. आधी तो हसला. मग हसू उतरलं.

"तीन महिने मी उतरलेल्या तारा वाजवालोय? आणि गावाला सांगत फिरतोय, आपला कान म्हंजे कान." तो माझ्याजवळ आला. "आणि तीन महिने ह्यांचे टोमणे खाल्ले मी. बरोबर बोलून. तुला मजा वाटत आसंल."

"नाही वाटली."

"मग बोलायला काय झालतं? तोंडात मिठाची गुळणी धरलीतीस?"

ऑक्टोपॅडवाला आत डोकावला, आम्हा तिघांना बघून म्हणाला, "पाहुणे आलेत," आणि परत गेला.

गिटारवाल्याने कपाळ चोळलं. "दादा, गुरुजींना सांगू, नको म्हणून. कायतरी कारण काढू."

"गुरुजींना न्हाय म्हणणार न्हाय मी. बाकी गाणी आहेत तशी. शेवटचं काळी दोनवर."

"लागणार न्हाय तुम्हाला."

"ठावं हाय."

गिटारवाल्याने आपल्या पिशवीत हात घातला. "मग मी कॅपो लावतो एक घर वर," तो म्हणाला. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. तो लावला की गिटार पुन्हा वर येणार होती. सगळं दोन मिनिटांत सुटणारं होतं, फक्त दादांचा गळा सोडून.

आधीची गाणी कशी झाली ते मला आठवत नाही. शेवटच्या गाण्याआधी गुरुजींना खुर्ची दिली, बासरीपुढे माईक लावला. दादा माझ्याजवळ आले. मी यादीचा कागद उचलून खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर बटण दाबलं. उणे एक गेलं, शून्य आलं. ते माझ्या बोटांकडे न बघता वळले.

अंतऱ्याला आवाज फाटला. पुढे बसलेल्या बायकांपैकी एकीने शेजारणीकडे बघितलं. दादांनी ओळ पूर्ण केली. दुसऱ्या अंतऱ्याला ती जागा खाली वळवून गाता आली असती. मी वाट बघत होते, तशी साथही मनात तयार ठेवली होती. त्यांनी वळवली नाही. पुन्हा तोच सूर धरला, पुन्हा फाटला, आणि खाली गुरुजींची बासरी सरळ चालत राहिली.

टाळ्या झाल्या. गुरुजींनी बासरी पंच्यात गुंडाळली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माईक चालू असताना म्हणाले, "आवाज उतरलाय की रं तुझा. पट्टी उतरव आता."

"व्हय गुरुजी," दादा म्हणाले.

एवढंच झालं. कुणी काही मनावर घेतलं नाही. लोक जेवायला उठले.

परतताना व्हॅनमध्ये दादा मागे बसले, गिटारवाला पुढे. ऑक्टोपॅडवाल्याने दोनदा जेवणातल्या रश्शाचा विषय काढला. कोल्हापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, आणि माझ्याशी कुणी बोललं नाही.

पुढच्या रविवारी मी जाणार नव्हते. तरी गेले. दादा आधीच आले होते, गिटारवाल्याबरोबर खालून आणलेला चहा पीत होते. मला पाहून त्यांनी तिसरा कप पुढे सरकवला, पण बोलले गिटारवाल्याशी.

"पांढरी दोन घेऊया आजपासनं."

"घेऊया," तो म्हणाला. मग हात पुढे करायच्या ऐवजी खिशातून एक छोटं यंत्र काढून त्याने गिटारच्या टोकाला अडकवलं आणि त्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत तारा लावायला लागला. नवीन घेतलं होतं. मी ई द्यायला बोट पुढे केलेलं, ते मागे घेतलं.

ते गाणं मी एवढे दिवस काळ्या पट्ट्यांवरून वाजवत आले होते. आता खरोखर पांढरी दोनवरून वाजवताना बोटं अडखळली. "चुकालीस," गिटारवाला म्हणाला, आणि मी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. दुसऱ्यांदाही चुकले. तिसऱ्यांदा जमलं. अंतरा आला, सूर लागला, यावेळी न थरथरता. दादांनी डोळे उघडले नाहीत.

आम्ही अजून दर रविवारी भेटतो. दादा अजूनही गाण्याआधी वाकतात, पण आता ते माझ्या बोटांकडे बघत नाहीत. आधी स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघतात. तिथे शून्य दिसलं की मान हलवतात, मग डोळे मिटतात. यादीचा कागद मी शेजारच्या गादीवर ठेवते.