देवाशी भांडायला गेले ती दुपार

प्लेगच्या त्या साली मी गणपतीवर इतकी चिडले होते की त्याचं नाव ऐकलं तरी अंगाची आग व्हायची. आज हे सांगताना जीभ अडखळते, पण होतं ते असं होतं. माझे यजमान गावचे वैद्य. उंदीर पडू लागले तसा सरकारी हुकूम आला, गाव उठलं आणि माळावर झोपड्या पडल्या. यजमान झोपडी झोपडी फिरले आणि थोड्याच दिवसांत तेच गेले. मी अस्थी सावडून परतले, तर झोपडीच्या दारात माणसं उभी. "वैद्यीणबाय, आमच्याकडं चला." मला लेप लावता येतो, पेज करता येते, एवढाच माझा गुन्हा. मी गेले. मग रोजच जात राहिले.

आधी राग आजाऱ्यांचा नव्हता, धडधाकटांचा होता. आईच्या झोपडीत पाऊल टाकायला लेक भ्यायचा आणि हाक मात्र मला मारायचा. बायका पेजेचं पातेलं लांब ठेवून, पदर नाकाला लावून पळायच्या. मला मरण नाही असं त्यांना वाटायचं, की मी मेले तरी चालेल असं, ते देव जाणे. पुढे पुढे तर आजाऱ्यांच्या कण्हण्याचाही संताप येऊ लागला. कोणी गेलं तरी डोळ्यांत पाणी येईना. एक वाडगा पेज कमी करायची, एवढंच मनात यायचं.

एका दुपारी पाटलांच्या म्हाताऱ्या आईने तापातच पेजेचा घोट थुंकला. "आळणी हाय," म्हणाली. मी वाडगा कुडावर भिरकावला. पाटील बाहेर लिंबाखाली उभे होते. त्यांच्यासमोरून निघाले ती थेट शेजारच्या लिंबागणेशला, गणपतीच्या देवळाशी. तिथलीही वस्ती उठलेली, देवळाच्या दाराला कडी. ते पाहून माझं डोकंच फिरलं. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. "तूही लपलास का? माझा माणूस नेलास आणि सगळं गाव माझ्या गळ्यात बांधलंस!"

"कावून वरडतीस गं?"

मागे एक उंच धनगरीण मेंढरं घेऊन उभी होती.

"नवरा गेला माझा. प्लेगात."

"रडलीस का?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. "वेळ नाही मिळाला," मी म्हणाले.

"मंग आता रड. पर आदी हे खा."

तिने भाकरी हातावर ठेवली. मी रडत रडत खाल्ली आणि खाता खाता तिला सगळं सांगितलं. "नीज हितंच," ती म्हणाली, "तुजी मानसं म्या बघते." ओवरीत पाठ टेकली आणि मेल्यासारखी झोपले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. धावत माळावर आले. पाटलांच्या आईच्या झोपडीत खुद्द पाटील बसले होते. आईचं डोकं मांडीवर, हातात पेज. शेजारच्या झोपड्यांतही ज्याच्या त्याच्या घरचं कोणी ना कोणी होतं. पाटील मान खाली घालूनच बोलले, "एक धनगरीन आलती. काठी आपटून समद्यांना लई बोलली. मला म्हनली, ही आय कुनाची हाय बे? म्या म्हनलं, माजी. तर म्हनली, मंग ती परकी बाई कावून मरायली?"

"हे आधी केलं असतंत," मी म्हणाले, "तर माझा माणूस एकटा फिरून मेला नसता."

पाटलांनी वाडगा पुन्हा आईच्या ओठांना लावला. म्हातारी पहाटे लेकाच्या मांडीवरच गेली. पाटील बाहेर येऊन मला म्हणाले, "तुमी घरी जावा, वैनी. आज मी हाय." त्या दिवशी मी पहिल्यांदा घरी बसून माझ्या माणसाचं दुःख केलं.

आजूबाजूच्या धनगरवाड्यांवर मी पुढे त्या बाईची चौकशी केली. तिला कोणी ओळखलं नाही. ती कोण होती हे मी ठरवत बसत नाही. बंद दारावर मी शिव्या घातल्या आणि त्या ऐकून कोणीतरी आलं, एवढं मात्र मी जाणते. त्या उपकाराखाली मी जन्मभर आहे. अजूनही दुखणाइतांकडे जाते, पण उंबऱ्यातच विचारते, घरातलं कोण बसणार जवळ? माझ्या हातून होईल तेवढं माझं, उरलेलं गणपतीच्या पायाशी. राग अजून पुरता गेलेला नाही. चतुर्थीला लिंबागणेशला जाते, हात जोडते आणि यजमानांचं नाव घेऊन त्याच्याशी मनसोक्त भांडते. तो ऐकून घेतो.