पडावी म्हणून बांधलेली भट्टी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी घरामागच्या परसात विटांची भट्टी बांधली. घुमटाची, आत लाकडं जाळायची, नानकटाई भाजायची. बांधत होतो तेवढे दिवस मनात एकच इच्छा होती, की ही पडावी. पडली नाही तर निदान फाटावी. धूर कोंडावा, आच लागू नये, काहीही व्हावं. पण हिच्यातून बायकोची नानकटाई भाजून निघू नये.

मी मूळचा कमी बोलणारा. लोक त्याला स्वभाव म्हणतात. थोडा स्वभाव आहेच, पण बराचसा भाग भीतीचा आहे आणि ती भीती नानकटाईची आहे. माणसानं असं कबूल करावं का, मला माहीत नाही. करतो.

आमच्याकडे दिवाळीची नानकटाई घरी भाजत नाहीत. पीठ घरी मळायचं, गोळे वळून डब्यात भरायचं आणि बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणायचं. आमच्या घरचा डबा कामरगावला बेकरीवाल्या चाचांच्या भट्टीवर जायचा. त्या आठवड्यात तिथं ही गर्दी. कुणाची नानकटाई कुणाच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी चारोळी लावायचं, कुणी बदामाचा तुकडा. आमची खूण म्हणजे मधोमध दाबलेला अंगठ्याचा खळगा. ही बायकोनं ठरवलेली. "खर्च नाही अन् वळखूही येते," असं तिचं म्हणणं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मीच डबा घेऊन गेलो. बायकोनं वळलेले, खळगे पाडलेले गोळे पत्र्यावर मांडले. पत्रा आत गेला, बाहेर आला. चाचांनी एक नानकटाई उचलली आणि मोडायला गेले. मोडली नाही. मग त्यांनी ती पत्र्यावर आपटली. टण्ण असा आवाज झाला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"बेटा," चाचा हळूच म्हणाले, "तूप घालाचं राह्यलं का घरी?"

राहिलं नव्हतं. बायको सगळं अंदाजानं घालते आणि तुपाच्या बाबतीत तिचा अंदाज फार काटकसरी आहे. भाऊबीजेला माझ्या दोघी बहिणी येणार होत्या. नवी वहिनी, पहिली दिवाळी आणि माझ्या बहिणींच्या जिभा. मी चाचांना म्हणालो, तुमच्या पिठाच्या गोळ्यांचा एक पत्रा द्या. गोळे त्यांचे होते, खळगे मी पाडले. माझा अंगठा जाड आहे. घरी डबा उघडल्यावर बायको म्हणाली, "फुगली की खळगा मोठा होते वाटते." मी म्हणालो, होते.

बहिणींनी डबा रिकामा केला. "वयनी, तुमच्या हाताले चव हाय!" थोरली म्हणाली. थोरली कुणाला चांगलं म्हणत नाही. बायकोचा चेहरा असा फुलला, की पुढच्या वर्षी डबा घेऊन जाताना माझी खरं बोलण्याची हिंमत झाली नाही, पुन्हा चाचांचेच गोळे भाजून आणले, आणि त्यानंतर तर दर वर्षी ते अजून अवघड होत गेलं. हळूहळू तिचं नाव झालं. शेजारच्या बाया प्रमाण विचारायला यायच्या. धनजला राहणाऱ्या मावशीला ती फोनवर नानकटाई शिकवायला लागली, की मी आंघोळीला जायचो. एखाद्या दिवशी दोनदाही.

तिच्या पिठाचं चाचा काय करायचे, तेही सांगून टाकतो. त्यात जिरं-मीठ टाकून ते पुन्हा मळायचे आणि बिस्किटं करायचे. मन खात असणार, कारण एक पुडा मला दर वर्षी फुकट द्यायचे. दिवाळी झाली की बायको चहासोबत ती खायची आणि दर वर्षी म्हणायची, "तुमचे चाचा नानकटाई एवढी चांगली भाजून देतात, अन् बिस्किटं काहून असे दगडावानी करतात?"

मी चहा प्यायचो.

गेल्या वर्षी चाचांच्या पोरांनी विजेची भट्टी बसवली आणि घरचं पीठ घेणं बंद केलं. मला सुटल्यासारखं झालं. आता तयार आणू, विषय संपला. मी तसं घरी बोललोही.

"तयार?" बायको म्हणाली. "अन् ताई आल्यावर काय सांगू? इकत आणली? आपून भट्टी बांधू. म्या मोबाइलवर पाह्यलं. विटा तर पडूनच हायेत मांगं."

विटा खरंच पडून होत्या. मी थेट कामरगाव गाठलं. चाचा आता दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात.

"चाचा, भट्टी खराब व्हाची असंल तर काय करा लागते?"

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "उमर गेली माही. भट्टी चांगली कशी होते हे पुसाले लोक आले. खराब पुसाले तूच पैला."

मी सगळं सांगितलं. ते हसून हसून खोकायला लागले. "बोल दे ना तिले."

"आता कसं बोलू?"

"मंग काळ्या मातीत बांध. वाळली का आपोआप फाटते."

हे तर मलाही सुचायला हवं होतं. आमच्या वावरात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी काळी माती आणून चिखल करायला घेतला. बायको मागून आली, चिखलाकडे बघितलं आणि परत गेली. आली ती शेणाची पाटी आणि सोयाबीनच्या कुटाराचं, म्हणजे भुश्याचं, पोतं घेऊन. "नुसती काळी माती कोणी लावते का? फाटंन ना थे!" तिनं पदर खोचला आणि स्वतः चिखल तुडवला.

घुमटाला आतून आधार म्हणून कुटाराची पोती रचली आणि त्यांच्यावरून विटांची कडी चढवत नेली. चांगले चार-पाच दिवस वाळू द्यायचं, मग आतली पोती ओढून काढायची, असं तिनं मोबाइलवर बघितलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी, ती दळण आणायला गेलेली बघून, डोळे मिटले आणि खालचं पोतं ओढलं. धडाम ऐकायच्या तयारीत होतो. काही नाही. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. घुमट उभाच. मी आत डोकं घालून बघत होतो, तर वर खुडबुड ऐकू आली. शेजारच्यांची शेळी घुमटावर चढून उभी होती आणि निवांत पिंपळाचं पान चघळत होती. एक वीट हलली नाही. मी आयुष्यात काही धड बांधलेलं नाही. घराच्या संडासाची भिंतही तिरपी आहे. ही एकच गोष्ट पडायला बांधली, तर शेळी पेलून उभी.

धनत्रयोदशीला जाळ केला. धूर सरळ वर गेला. विटा तापल्या, निखारे बाजूला ओढले, पत्रा आत सरकवला. बायकोनं एकेक खळगा स्वतः पाडला होता, लहान, नीट, मधोमध. पत्रा बाहेर आला तेव्हा रंग असा बदामी आणि सारखा, की चाचांनी बघायला हवा होता.

तिनं एक उचलली आणि मोडायला गेली. मोडली नाही. दातांनी बघितलं. मग तिनंही ती पत्र्यावर आपटली. तोच आवाज.

ती म्हणू शकली असती, की भट्टी बिघडली. मी लगेच हो म्हटलं असतं. त्यासाठीच तर सगळी तयारी होती. पण तिनं पदराला हात पुसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

"भट्टी तर मस्त झाली तुमची," ती म्हणाली. "माहाच हात गेला वाटते. एवढे वर्षं चांगली येत होती. वय झालं का काय?"

मला नाही राहवलं. तिथंच, पत्र्यासमोर उकिडवा बसून, मी सगळं सांगितलं. टण्ण आवाज, चाचांचे गोळे, माझा अंगठा. बोलायची सवय नसल्यानं मधूनमधून आवाज फाटत होता. ती माझा अंगठा धरून उलटसुलट बघत होती.

"मंग माह्या पिठाचं काय करत होते थे?"

"जिरा बिस्किट."

तिनं माझा अंगठा सोडला.

"थे... दगड?"

"हो."

ती उठून आत गेली, चहाचा कप घेऊन आली, पत्र्यावरची एक नानकटाई त्यात बुडवली आणि सावकाश खाल्ली.

"चहात चांगली लागते," ती म्हणाली. "बिस्किटंही तसे वाईट नव्हते. तुमाले कदर नाही."

त्यानंतर भाऊबीजेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तूप वाढवून दुसरा घाणा कर, असं मी सुचवून बघितलं. "जे हाय थे हाय," म्हणाली. सरळ तोच डबा तिनं बहिणींसमोर उघडला.

थोरलीनं एक घेतली. चावली. दुसऱ्या दाढेखाली नेली. "वयनी, या सालची कडक झाली वं. अन् खळगाही लहान दिसून राह्यला."

मी खाली बघितलं. दुसरी बहीणही चावायची थांबली. एवढ्या वर्षांचं बायकोचं नाव त्या डब्यात होतं आणि ते राखायचं की माझं काळं करायचं, हे पूर्णपणे तिच्या हातात होतं. माझी तक्रार चालली नसती.

"त्याहिले इचारा," ती शांतपणे म्हणाली. "भट्टी त्याहिनं बांधली."

दोघींनी माझ्याकडे मान वळवली. खिडकीतून परस दिसत होतं. शेळी पुन्हा घुमटावर चढून बसली होती. ऊब आवडते तिला.

"घुमट चुकला माझा," मी म्हणालो. "आच बरोबर लागत नाही."

"मले वाटलंच!" थोरली म्हणाली. "ह्या भावाले धड काई येते का? कायले बिचाऱ्या वयनीच्या नानकटाईचं वाटोळं केलं?"

बायकोनं मला न विचारताच चहा दिला, वर एक नानकटाई ठेवून. ती मी बुडवून खाल्ली.

आता त्या भट्टीत आम्ही कणकेचे रोडगे भाजतो, वांगी भाजतो. एकही करपत नाही. पाहुणे आले, की मी न विचारताच सांगतो, घुमट चुकलाय. हे लिहायला बायकोची हरकत नाही, बहिणी वाचणार नाहीत हे तिला माहीत आहे. भट्टीची बाजू मात्र घ्यायची नाही, असं तिनं बजावलंय.

तरी एकदा लिहून ठेवतो. भट्टी चांगली आहे.