पाठ की पोट

करी रोडच्या चाळीत अक्षदाला नवरा सोडून सगळे ओळखून होते. कबड्डीत ती डावा कोपरा सांभाळायची. चढाईला आलेलीनं पाय लांबवला आणि घोटा अक्षदाच्या हाती लागला, की पोरगी भुईसपाट! परळपर्यंतच्या पोरी तिच्यासमोर पाय आखडून खेळत. राकेश मात्र लग्नाच्या नऊ वर्षांत एकदाही मैदानाकडे फिरकला नाही. 'बायकांची मारामारी काय बघायची,' म्हणायचा. घरात त्याचे हात सारखे शिवशिवायचे.

मग कॅन्सरनं डावा स्तन गेला, त्यावर रेडिएशन झालं. नवा स्तन घडवायचा तर शेकलेल्या कातडीखाली सिलिकॉन नीट टिकणार नाही, असं डॉक्टर दीपिकांनी सांगितलं. म्हणजे स्वतःचंच मांस घ्यायचं, पोटाचं नाहीतर पाठीचं. पोटाचं ऑपरेशन लांबलचक, अवघड. पाठीचं सोपं, पण त्या हाताची ओढून धरायची ताकद थोडी कमी होणार.

अक्षदानं तोंड उघडायच्या आत राकेश बोलला, "पाठीचं घ्या. पोटाला हात नको, मुलगा पाहिजे मला."

"निर्णय त्यांचा," दीपिका म्हणाल्या.

घरी दार लावताच तो उसळला. "तिच्यासमोर हो म्हणायला काय झालं तुला?" पहिली थप्पड कानावर बसली, दुसरीनं ओठ फुटला. केस धरून त्यानं तिला मोरीजवळ आपटलं. डावा हात वर जाईना. आजाराला भ्याली नव्हती एवढी ती तेव्हा भ्याली. आणि त्या मूर्खानं लाथ उगारली.

अक्षदासमोर पाय! तिनं दोन्ही हातांनी घोटा धरला आणि पाठीचा सगळा जोर लावून ओढला. व्रणाखाली आग उसळली, ती किंचाळली, पण पकड सुटली नाही. राकेश उताणा कोसळला, डोकं कॉटच्या लोखंडी पायावर आदळलं. रक्त आलं. तो धडपडला तसा तिनं घोटा आणखी पिळला.

"सोड! मेलो!"

शेजारी दार बडवत होते. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं, फार बरं.

पुढच्या वेळी ती एकटीच गेली. "पोटाचं घ्या," म्हणाली.

दीपिकांनी फुटलेला ओठ पाहिला. "पाठीचं खरंच सोपं पडेल तुम्हाला."

"पाठ मला लागते, डॉक्टर. तो अजून घरातच आहे."