आईने केलेली बदकाची चोरी

आमची वहिनी मॉलच्या दारात उभी असते. येणाऱ्या बायकांच्या पर्स उघडायच्या, आत डोकावायचं, 'जा' म्हणायचं, हे तिचं काम. बसायला स्टूलसुद्धा नाही, कारण बसलेला पहारेकरी आळशी दिसतो असं तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याचं मत. त्यामुळे घरी आली की ती दिसेल त्यावर बसते. एकदा इस्त्रीच्या कपड्यांवर बसली, एकदा दादाच्या चष्म्यावर. तिचे सुजलेले पाय पाहिले की कुणालाच काही बोलवत नाही.

म्हणून कॅमेऱ्यांच्या खोलीत जागा रिकामी झाली तेव्हा वहिनीच्या तोंडाला पाणी सुटलं. पगार तेवढाच, पण खुर्ची! चाकांची, गोल फिरणारी, हात टेकायला दोन्ही बाजूंना जागा असलेली. अडचण एकच. पडद्यावर काय चाललंय ते इंग्रजीतून सांगता आलं पाहिजे, आणि त्या सुरक्षा अधिकाऱ्याला 'परपेट्रेट' या शब्दाचं वेड. त्याला सगळे कर्नल म्हणतात. सैन्यात तो कधी नव्हता, नुसत्या मिशा आहेत. गुन्हा 'केला' म्हणून त्याचं भागत नाही, 'परपेट्रेट' केला म्हणावं लागतं, तेही योग्य जागी. आधीच्या उमेदवाराने कुणाच्या हातून आइस्क्रीम पडलं त्याला हा शब्द लावला, तर कर्नलने त्याला थेट पार्किंगमध्ये धाडलं.

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून वहिनी माझ्याकडे आली. "वन्सं, एवढा एक शब्द पक्का करून द्या."

"दोनच गोष्टी बघायच्या," मी सांगितलं. "काम खरोखर वाईट हवं, आणि माणसाने ते जाणूनबुजून केलेलं हवं. चुकून झालं तर नाही. बारीकसारीक खोडीला तर नाहीच नाही."

पण नवी वस्तू मिळाली की ती सगळीकडे वापरून बघायची हा वहिनीचा स्वभाव. दादा घोरला, परपेट्रेट. दूध उतू गेलं, परपेट्रेट. माझ्याकडून चहात साखर कमी पडली, तर तिने माझ्याकडे बोट दाखवून तो शब्द असा उच्चारला की मला वकील गाठावासा वाटला. "अगं वहिनी, हे म्हणजे डास मारायला तोफ!" मी ओरडले. तिने ओरडण्यालाही तोच शब्द लावला.

शेवटी आईने, म्हणजे तिच्या सासूने, सूत्रं हाती घेतली. "तुझं पुस्तकी शिकवणं राहू दे. तिला गुन्हे दाखवा, गुन्हे!"

झालं. रोज संध्याकाळी वहिनी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची आणि आम्ही तिच्यासमोर गुन्हे करायचो. दादा ग्लास पाडायचा. "चुकून. नाही," वहिनी म्हणायची. मी दादाच्या खिशातलं पाकीट लांबवायचे. "परपेट्रेट!" आई तर उशीने दादाचं तोंड दाबायची, आणि ते करताना तिच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते मला मुळीच आवडलं नाही. पण आठवडाभरात वहिनीचं एकही उत्तर चुकेनासं झालं.

परीक्षेच्या दिवशी आई म्हणाली, "चल, लांबून धीर देऊ." मीही भोळी, गेले. मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात आईने एक पिवळं रबरी बदक घेतलं, रीतसर पैसे दिले, पावती मुठीत धरली आणि बदक परत फळीवर ठेवलं.

"आता हे काय?"

"मग पैसे न देता कशी उचलू? चोर आहे का मी?" असं म्हणून तिने कॅमेऱ्याकडे बघत हात हलवला, चारी बाजूंना नजर टाकली आणि बदक पिशवीत कोंबलं. सुनेला सोपा प्रश्न!

वर कॅमेऱ्यांच्या खोलीत काय झालं ते वहिनीने नंतर सांगितलं. कर्नलने नेमका तोच पडदा दाखवून विचारलं, "काय चाललंय?" वहिनीने सासूला ओळखलं. तिला वाटलं, आईंना सरावाचं व्यसन लागलं! बोलावं तर सासू चोर, न बोलावं तर खुर्ची गेली. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी रडवेल्या आवाजात, पण एकही अक्षर न चुकता, ती म्हणाली, "सर, माय मदर-इन-लॉ इज परपेट्रेटिंग अ थेफ्ट."

दोन पहारेकऱ्यांनी आम्हाला वर नेलं. वहिनी मान खाली घालून उभी होती. कर्नल खूश होता, पण माणूस नियमाचा. "आजी, पैसे दिलेत का? पावती असेल तर दाखवा. पैसे दिले असतील तर ही चोरी नव्हे. मग हिचा शब्द चुकला, आणि ही परत दारात."

मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. मग तिने वहिनीच्या पायांकडे पाहिलं. सुजून बुटांच्या कडांवर आले होते. आणि जिने उभ्या आयुष्यात शेजारणीची सुईसुद्धा न विचारता घेतली नाही, त्या माझ्या आईने मूठ तोंडाशी नेली, पावती आत टाकली, चावली, कर्नलच्याच टेबलावरचं पाणी घेतलं आणि गिळली.

"पावती? कसली पावती?" ती ठसक्यातून म्हणाली. "चोरी केली मी! वाईट काम, आणि जाणूनबुजून! परपेट्रेट!"

चोराच्या उलट्या बोंबा पुष्कळ ऐकल्यात, सावाच्या त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. मागचं चित्रण बघावं हे कर्नलला सुचलं नाही, देव त्याच्या मिशांचं भलं करो. त्याने वहिनीला खुर्ची दिली आणि आईला मॉलमध्ये यायची कायमची बंदी.

बंदी घातलेल्यांचे फोटो त्या खोलीत भिंतीवर लावतात. पाकीटमार आहेत, उचले आहेत, आणि मधोमध आमची आई, हसताना. घरी आल्यावर वहिनी तिच्या गळ्यात पडून खूप रडली होती. आता रडत नाही. रोज संध्याकाळी ती दारात चपला काढते तेवढ्यात आई आतून विचारते, "आज किती वेळ बसलीस गं?"

"दिवसभर, आई," वहिनी म्हणते.