बैलाच्या पोटाखालचा हात

"लाव," म्हणाले मी.

सुशीला हातात पेटती काडी धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. काडी बोटापर्यंत जळत आली होती, तरी ती थांबली होती — मी म्हणेपर्यंत ती लावणार नव्हती. मी म्हणाले. तिनं पाचटाला काडी लावली. आव्याच्या भट्टीत शेण्या-गोवऱ्यांच्या खाली तिचा मातीचा बैल उभा होता, शिंगं तेवढी वर दिसत होती. ऊन वर आल्यावर तो फुटला. त्याचा एक तुकडा उडून सुशीलाच्या उजव्या डोळ्यात गेला.

एवढं आमच्या कुंभार गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. "लाव" म्हणताना मला काय माहीत होतं, ते कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. पोरांना सांगितलं नाही. देवापुढंसुद्धा बोलले नाही — तिथं काय बोलणार?

सुशीला माझी धाकटी जाऊ. गारगोटीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला माती मळता येत नव्हती. मीच शिकवलं. खडे कसे वेचायचे, ओलं पोतं कधी टाकायचं, बेंदराच्या सणाला पुजायच्या मातीच्या बैलाला वशिंड कसं चढवायचं — सगळं माझ्या हातचं. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण बैल माझे चांगले व्हायचे. बेंदूर आला की लोक माझं नाव विचारत यायचे. ते मी अंगावर दागिना घालावा तसं मिरवत होते, हे आधीच सांगून ठेवते.

मग चित्रकलेच्या बाई आल्या. कॉलेजात शिकवायच्या. पहिल्यांदा माझ्याकडंच आल्या होत्या, बैल बघायला. माझा एक घेतला, शेजारी सुशीलाचा होता तो हातात घेतला — आणि खाली ठेवलाच नाही. उभ्या उभ्या फिरवून बघत राहिल्या. मी चहाचं विचारलं ते त्यांना ऐकू गेलं नाही.

मला तेव्हाच कळलं का? कळलं असणार. कपबशी विसळताना मी कपाचा कान फोडला होता.

बाई आम्हा दोघींना चित्रांचं प्रदर्शन बघायला घेऊन गेल्या. दारात आम्ही देवळात काढतात तशा चपला काढून ठेवल्या. आत बघतो तर सगळे बुटांत. सुशीला खुदकन हसली, म्हणाली, "अक्का, हितं देव न्हाई वाटतं," आणि तशीच अनवाणी पुढं गेली. एका चित्रापुढं उभी राहिली. नदीत बैल धूत होते. चित्र काढणारा तिथंच होता. त्याला तिनं विचारलं, अंग ओलं कसं दाखवलं? तो माणूस किती वेळ तिच्याशी बोलत राहिला. मी भिंतीला टेकून माझ्या पायांकडं बघत होते. टाचांच्या भेगांत माती होती. तिच्याही होती — पण तिला त्याचं काही नव्हतं.

दर मे महिन्यात बाई पोरांना घेऊन पन्हाळ्याला जायच्या, चित्रं काढायला. त्या वर्षी आम्हाला बरोबर नेलं. बादलीत माती, वर ओलं पोतं. तटाजवळ झाडाखाली पोरं फळ्या मांडीवर घेऊन बसली. समोर एक बैल चरत होता. सुशीलानं त्याच्याकडं बघत बघत बैल केला, मान वळवलेला, माशी हाकलणारा. एकेक पोर उठून तिच्याभोवती जमलं. मीही केला होता. चांगला केला होता. एक मुलगी माझ्याकडं आली, तेव्हा मी हात पुसून सरसावून बसले. ती म्हणाली, "मावशी, पाणी आहे का?"

मी पाणी दिलं.

एवढंच झालं. याच्यावरून कुणी माणसाचा डोळा घालवतं का? मी घालवला.

परत आल्यावर बाईंनी सांगितलं, सुशीला, मोठा बैल कर. दिवाळीच्या आधी प्रदर्शन आहे, त्यात मांडू. चांगला निघाला तर तुला कॉलेजात पोरांना माती शिकवायला बोलावते. सुशीला त्या दिवसापासून दुसरं काही बोलेना. पावसाळाभर तिनं तो बैल केला. आतून पोकळ, कमरेएवढा उंच. पावसात वाळत नाही म्हणून चुलीजवळ आणून ठेवायची, अंगावरचं पोतं लहान मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं सारखं करायची. तिचा नवरा म्हणायचा, हा बैल जेवायला पण बसवतीस का आता?

आता आमची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोकळ वस्तूला पोटाखाली भोक ठेवावं लागतं. आतली वाफ तिथून जाते. भोक नसेल तर आव्यात वस्तू फुटते. आणि आवा पेटवायच्या आधी घरातली मोठी बाई प्रत्येक वस्तूवरून हात फिरवते — वरून, खालून, पोटाखालून. तिनं "लाव" म्हटलं की लावायचं. तिच्यानंतर कुणी तपासत नाही. तपासलं तर तिचा अपमान. सासू गेल्यावर तो हात माझा झाला होता.

त्या सकाळी मी बैलावरून हात फिरवला. पाठ, वशिंड, मान. खरं सांगू? असा बैल मला जन्मात जमला नसता. मग वाकून पोटाखाली हात घातला. भोक जिथं असायला हवं तिथं गुळगुळीत लागलं. तिनं भोक ठेवलं होतं — ठेवताना मी बघितलं होतं. पण आदल्या दिवशी वरून लाल मातीचा पातळ हात दिला, त्यात ते बुजलं होतं. तिला दिसणार नव्हतं. बोटालाच कळणार होतं. माझ्या बोटाला कळलं.

केसातली पिन काढून टोचलं असतं तरी झालं असतं. नुसतं "सुशी, भोक बुजलंय" म्हटलं असतं तरी. मी हात बाहेर काढला, पदराला पुसला. दोघींनी मिळून बैल आव्यात उभा केला, वर शेण्या रचल्या. रचायला वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ मला होता — हे लक्षात घ्या. तोंडातून चुकून गेलं असं नाही.

डोळा जाईल असं मला वाटलं नव्हतं. बैल जाईल एवढंच वाटलं होतं. जावा असंच वाटलं होतं.

एक शेणी घसरली म्हणून सुशीला काठीनं ती वर सारायला पुढं झाली. तेवढ्यात ढप्प असा आवाज आला.

दवाखान्यात तिच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. बाकी कुणी नव्हतं. तिनं माझा हात धरला — तोच हात — आणि विचारलं, "अक्का, तुमी हात फिरवलासा तवा भोक हुतं न्हवं?"

मी म्हणाले, "हुतं की. आत ओला ऱ्हायला आसंल तुजा. घाई केलीस."

तिनं पट्टी चाचपली. मग म्हणाली, "व्हय. घाईच केली मी."

घरी येऊन मी राख उकरली. पोटाचा तुकडा सापडला, हातभर, सबंध गुळगुळीत. कुणी बघितला असता तर सगळं कळलं असतं. मी तो उखळात कुटला, चाळला आणि पणत्यांच्या मातीत मिसळला. आम्ही जुनं खापर मिसळतोच मातीत, कुणाला त्यात काही वाटलं नाही. त्या दिवाळीत त्या पणत्या गल्लीत दारोदार लागल्या. आमच्याही दारात लागल्या.

बाई भेटायला आल्या. सुशीलाला म्हणाल्या, बरी झालीस की परत कर, मी थांबते. सुशीला म्हणाली, "नको बाई. माज्या हाताला दम न्हाई. अक्कांनी शिकवल्यालं सुदिक माज्या ध्येनात ऱ्हायलं न्हाई." मी तिथंच चहा घेऊन उभी होते. तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी बाईंना साखर विचारली.

नंतर बाईंनी मला कॉलेजात यायला सांगितलं. मी गेले. हे त्या "लाव"पेक्षा वाईट की कमी, मला ठरवता येत नाही. पण गेले. कितीतरी वर्षं गेले. बाई निवृत्त झाल्या तरी जात राहिले. दर मे महिन्यात पन्हाळ्याला गेले, तटाजवळ त्याच झाडाखाली बसले. प्रदर्शनात माझे बैल मांडले, खाली माझं नाव छापलं. चपला घालून आत गेले. पोरांना पहिल्याच दिवशी सांगायची, भोक ठेवा, आणि वर माती फिरवली की परत टोचून बघा. सगळी म्हणायची, मावशी फार बारीक शिकवतात.

सुशीलानं परत माती धरली नाही. पोरांनी दिवाळीचा किल्ला केला तरी ती लांब बसून सांगायची, हात लावायची नाही. उजवीकडून कुणी आलं तर दचकते. माझे गुडघे गेल्यापासून सकाळचा चहा तीच मला आणून देते, कप माझ्या हातात बसला का ते चाचपून बघते.

आवा आता सुना लावतात. त्या काडी पेटवायला लागल्या की ती दारातून विचारते, "अक्कांचा हात फिरला का गं?" आणि फिरला नसेल तर थांबवते. मग त्या मला धरून नेतात. मी हात फिरवते. सुशीला दारात थांबलेली असते, डावा डोळा माझ्याकडं लावून.

मी "लाव" म्हणते.

त्या सकाळी आव्यापाशी आम्ही दोघीच होतो. दोघीही जिवंत आहोत; सांगायचं तर अजून वेळ आहे.