चार बोटं नळी

मणक्यातली गादी सरकल्यावर डॉक्टरांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाकायला मनाई केली आणि त्यांची सायकल सुटली. उमेदीची सगळी वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस ओट्यावर बसून नुसता रस्त्याकडं बघायचा. मळ्यापर्यंत एकट्यानं जाऊन यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी नोकरीला सांगलीत. तिथं शर्यतीत उतरणाऱ्या एकाची जुनी सायकल घेतली, हलकी म्हणून. घरी आणली तर हँडल फारच खाली. आबा बसले, चार पायडलं मारली आणि कमरेला हात लावून उतरले.

मलकापूरच्या सायकलवाल्यानं हँडल काढून दाखवलं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या ज्या नळीवर ते बसतं, ती आधीच्या मालकानं कापून आखूड केली होती. हँडल वर घ्यायला नळीच उरली नव्हती. चिमटाच नवा घाला, मागवायला आठ दिवस लागतील, असं तो म्हणाला.

मला कुठला धीर? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तशीच सायकल उंब्रजला नेली, उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करणाऱ्याकडं. त्यानं नळी फिरवून पाहिली आणि हसला.

"गड्या, माझ्या जोडावर आख्खा ऊस कारखान्याला जातोय. सायकलचं काय घिऊन बसलाईस?"

मला तेच ऐकायचं होतं. त्यानं चार बोटं पाइप वर जोडून दिला. गाड्यांत आयुष्य गेलेल्या आबांना जोड दिसला असता, तर धोका ओळखून त्यांनी सायकलला पाय लावला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी त्यावर काळा रंग मारला. माझ्या हातानं मारला. त्याची आजही लाज वाटते.

आबा बसले. पाठ ताठ, मान वर. मळ्यापर्यंत जाऊन आले. मी दर रविवारी गावी यायचो आणि दर रविवारी ते सायकल काढायचे. रोजच जात असतील, असं धरून मी मनात फुशारक्या मारायचो.

पाचव्या रविवारी कालव्याच्या उतारावर, माझ्या डोळ्यांदेखत, हँडल त्यांच्या हातात आलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही टेकत नाही. आता ओट्यावर आणायचं तरी दोघांनी उचलावं लागतं. भेटायला येणाऱ्यांना ते सांगतात, माझाच तोल गेला.

मध्यंतरी आईपाशी मी कुरकुरलो, की रोज चालवून चालवून जोड तुटला असणार. ती ज्वारी निवडत होती.

"रोज कुठलं रं? तू आलास की काढायचं. एरवी हात सुदिक लावत न्हवतं."

मी आत गेलो. आबांना विचारलं, जोड आहे हे तुम्हाला माहीत होतं का? त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पैल्याच दिवशी कळलं. रंग वला हुता."

मग बसलात कशाला, म्हणून मी ओरडलोच. माझा राग कुणावर होता, ते मला माहीत होतं.

"तू बघत हुबा हुतास न्हवं," ते म्हणाले.