अक्काच्या बाहुल्यांचे केस

भाऊचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी भाजी निवडत होते. "अक्का गई," एवढंच तो म्हणाला, आणि मग दुपारच्या आत ये, लोक जमायला लागलेत, असं सांगून त्याने फोन ठेवला. पारोळ्याच्या बसमध्ये बसले तरी डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि तो कोणावर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दोंडाईच्याला दिली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिच्या डोक्यात चाई पडली, रुपयाएवढी, मग तळहाताएवढी, आणि हळूहळू जवळजवळ सगळेच केस गेले. सासऱ्यांनी तिला आमच्या अंगणात आणून सोडलं. इलाज करा, मग बघू, म्हणाले. आबांनी एकदा डॉक्टरांना दाखवलं, पुन्हा नेलं नाही. तिकडूनही कोणी न्यायला आलं नाही. दोन वर्षांनी नवऱ्याने दुसरं लग्न केल्याचं एका पाहुण्याकडून कळलं. अक्काने डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचला, तो कायमचाच.

मला पाहायला धुळ्याचे लोक येणार, त्या दिवशी तिने सकाळी तेल लावून माझी वेणी घातली. मग पिशवी उचलली. थोरली घरी का, असं पाहुण्यांनी विचारू नये म्हणून आबांनी तिला मामाकडे धाडायचं ठरवलं होतं. "मी चाळीसगावले जाई येस," ती म्हणाली, जशी काही स्वतःच्या हौसेने निघाली होती. सासूबाईंनी माझी वेणी हातात धरून पाहिली. भावंडं किती, असं विचारलं. आबा म्हणाले, "एक मुलगा, ही एक मुलगी." मी मान खाली घालून बसले होते... ती वर केली नाही. लग्नात अक्का आचाऱ्याजवळ लसूण सोलत बसली, आतेबहीण म्हणून. पुढे खरं कळलं तेव्हा सासूबाई रागावल्या नाहीत. यात लपवण्यासारखं काय होतं, एवढंच त्यांनी विचारलं.

बाहुल्या तिने माझ्या मुलीपासून सुरू केल्या. जुन्या लुगड्याचं अंग, आत कापूस, आणि केसांना उसवलेल्या स्वेटरची लोकर. ती लोकर ओली करून, खाली वजन बांधून वाळवायची, म्हणजे वळ्या निघत. मग पुठ्ठ्याभोवती गुंडाळायची, मधोमध टीप घालून भांग पाडायची आणि खालून कापायची. बाजारच्या बाहुलीची वेणी उचलली की मागे नुसतं कापड दिसतं. अक्का मात्र मानेपासून टाळूपर्यंत ओळीवर ओळ शिवत जायची. दोन दोन दिवस एकाच डोक्यावर. मी एकदा म्हटलं, अगं, मागचं कोण बघतं? तिने दाताने दोरा तोडला. "बठ्ठा लोक बघतस. हिले कोणी परत धाडाले नको." मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि चहा ठेवायला उठले.

मी पोहोचले तेव्हा बायका तिला आंघोळ घालत होत्या. भाऊ दाराबाहेरून म्हणाला, "डोकं झाका आधी." इतक्या वर्षांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. "राहू दे उघडं. बघू दे लोकांना," मी म्हणाले. सगळ्या थांबल्या. वहिनी तिच्यासोबत तीस वर्षं एका घरात राहिलेली. तिने पदर उचलला, अलगद डोक्यावरून ओढला आणि कानांमागे नीट खोचला. "ताई, अक्कांना नसतं आवडलं," ती हळूच म्हणाली. बोलायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले, आणि बोलले तेही तिला न विचारता.

दहाव्याला मी तिच्या खोलीत साडी बदलत होते. टिकली नीट बसली का ते पाहायला भिंतीकडे वळले, मग कोनाडा पाहिला, खिडकी पाहिली. शेवटी वहिनीला हाक मारून आरसा कुठे आहे म्हणून विचारलं. या खोलीत आरसा कधी नव्हताच, ती म्हणाली. चाळीस वर्षं मी माहेरी आले की त्याच खाटेवर बसून अक्काशी बोलत होते. भाऊने आता तिथे पंखा लावून घेतलाय, जाईन तेव्हा मला राहायला तीच खोली देणार म्हणतो.